ट्रेनरवर गाळलेला घाम रस्त्यावर कसा वसूल करायचा

घरात ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवायच्या यंत्रावर, दोन-तीन महिने नेमाने सायकल चालवली, अ‍ॅपमधले आकडेही चढत गेले, आणि बाहेर पडल्यावर मात्र नेहमीच्याच चढावर नेहमीच्याच वळणाला पाय भरून आले. सायकलवाल्यांच्या गप्पांत ही तक्रार हमखास निघते. मग कुणीतरी म्हणतं, घरातली सायकल ती घरातलीच, खरी मजा रस्त्यावर. मजेचं खरं आहे. पण सराव म्हणून ट्रेनर कमी पडतो, हे काही खरं नाही.

२०१६ च्या फेब्रुवारीत ऑस्ट्रेलियाचा मॅथ्यू हेमन एका शर्यतीत पडला आणि त्याचा हात मोडला. पॅरिस-रूबे ही दगडी रस्त्यांवरून जाणारी, अडीचशे किलोमीटरहून लांब शर्यत तेव्हा जेमतेम सहा आठवड्यांवर होती. त्याने गॅरेजमध्ये ट्रेनर लावला आणि बराचसा सराव तिथेच केला. १० एप्रिलला तो ती शर्यत जिंकला. दुसरा आला टॉम बूनेन, ज्याने हीच शर्यत आधी चार वेळा मारली होती. हा किस्सा सांगताना लोक एक गोष्ट विसरतात: हेमनची ती पंधरावी पॅरिस-रूबे होती. दगडांवर सायकल किती सैल सोडायची, कुणाच्या मागे राहायचं, कुठे जोर राखून ठेवायचा, हे त्याच्या अंगात मुरलेलं होतं. गॅरेजमध्ये त्याला फक्त दम आणि पाय टिकवायचे होते, आणि तेवढं काम ट्रेनर उत्तम करतो.

म्हणून या लेखाचा सगळा रोख एकाच गोष्टीवर आहे. बाहेर आपण नेमके कुठे कमी पडतो ते आधी शोधायचं, तेवढ्याच दुखण्यावर ट्रेनरवर काम करायचं, आणि जे ट्रेनर शिकवू शकत नाही त्यासाठी आठवड्यातून एकदा तरी रस्त्यावर जायचं.

पायरी १: आधी बाहेरचं दुखणं लिहून काढा

गेल्या चार-पाच राइड आठवा आणि प्रत्येकीत तुमची गाडी कुठे अडली ते एका ओळीत लिहा. ‘स्टॅमिना कमी आहे’ असं लिहून काहीच हाती लागत नाही. ‘वीस मिनिटांच्या चढात बाराव्या मिनिटानंतर वेग पडतो’ हे कामाचं वाक्य आहे. बहुतेकांचं दुखणं या पाचांपैकी एखादं असतं:

- लांब चढावर सुरुवात चांगली होते, मधेच पाय जड होतात.
- ग्रुपने अचानक वेग वाढवला की पहिल्या दोन झटक्यांना टिकता येतं, तिसऱ्याला मागे पडायला होतं.
- सपाट रस्त्यावर समोरून वारा आला की वेग कोसळतो आणि पाठ-मान दुखते.
- तीन तासांच्या राइडचा शेवटचा तास नुसता ओढत न्यावा लागतो.
- पाय जोरात फिरवता येत नाहीत, सगळी राइड जड गिअरवर होते आणि गुडघे कुरकुरतात.

यातलं एकच निवडा, फार तर दोन. पाचही एकदम सुधारायला निघालेला माणूस सहा आठवड्यांनी जिथल्या तिथे असतो.

अपेक्षाही आत्ताच जागेवर आणलेल्या बऱ्या. समजा स्वार आणि सायकल मिळून ८० किलो. ६ टक्के चढावर ताशी १२ किलोमीटरने जायला साधारण १८० वॅट लागतात. त्यात १५ वॅटची भर पडली की वेग ताशी १३ किलोमीटरवर जातो. पाच किलोमीटरच्या चढावर ही जवळजवळ दोन मिनिटांची बचत झाली. तेच १५ वॅट सपाटीवर ताशी ३० च्या वेगाला जोडले, तर पाच किलोमीटरमागे जेमतेम वीसेक सेकंद वाचतात, कारण हवेचा अडथळा कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. पण सपाटीवर हात ड्रॉप्सवर (हँडलबारच्या खाली वळलेल्या टोकांवर) नेऊन अंग खाली घेतलं, तर एक वॅटही न वाढवता जवळपास तेवढाच फायदा पदरात पडतो. हिशेब ढोबळ आहे, वारा आणि टायर बदलले की आकडे हलतात. तरी चढावर वॅट आणि सपाटीवर बसण्याची ठेवण, हे सूत्र कायम लागू पडतं, आणि ट्रेनरवर काय करायचं तेही त्यावरूनच ठरतं.

पायरी २: ट्रेनर, खोली आणि पंखा

ट्रेनरचे मुख्य प्रकार तीन. मागचं चाक रोलरवर टेकणारा साधा ट्रेनर. मागचं चाक काढून सायकल थेट ट्रेनरच्या कॅसेटवर (मागच्या गिअरच्या दातेरी चकत्यांवर) बसवायची तो डायरेक्ट ड्राइव्ह. आणि ज्यावर सायकल मोकळी ठेवून तोल सांभाळत चालवायची ते रोलर्स. पैसे असतील तर डायरेक्ट ड्राइव्ह घ्या: आवाज कमी, टायर झिजत नाही, वॅटचे आकडे भरवशाचे. नसतील तर चाकाचा साधा ट्रेनर आणि छातीचा हार्ट रेट पट्टा यावरही या लेखातलं जवळपास सगळं करता येतं. चाकाच्या ट्रेनरवर मात्र दर वेळी टायरमध्ये तेवढीच हवा भरा, रोलरचा दाब तेवढाच ठेवा आणि दहा मिनिटं चालवून यंत्र गरम झाल्यावर कॅलिब्रेट करा, म्हणजे त्याचं मोजमाप जुळवून घ्या. नाहीतर आजचे १८० आणि परवाचे १८० वॅट वेगळे निघतात.

जिममधल्या स्पिन बाइकवर सराव असेल तर तिचं जड चाक पायांना आपणहून फिरवत राहतं, हे ध्यानात ठेवा. रेझिस्टन्स इतका तरी हवा की पाय थांबवायला गेलात तर चाक तुम्हाला ओढणार नाही.

सायकलची मापं बाहेरच्यासारखीच हवीत. घरात जुनी सायकल कायमची लावून ठेवायची असेल तर सॅडलची उंची, सॅडल ते हँडलबार अंतर आणि हँडलबारची उंची टेपने मोजून जुळवा. सॅडल एक सेंटीमीटर खाली असली तरी तुम्ही वेगळ्याच कोनात स्नायू तयार करत बसता. कार्बन फ्रेम असेल तर ती ट्रेनरवर लावायला कंपनीची परवानगी आहे का, ते आधी पाहा.

आता पंखा. या विषयावर मी जरा हट्टी आहे. पेडलवर २०० वॅट देताना शरीर त्याच्या तिप्पटीहून जास्त उष्णता तयार करतं, कारण आपल्या स्नायूंची कार्यक्षमता वीस ते पंचवीस टक्क्यांच्याच घरात असते. रस्त्यावर अंगावरून वाहणारा वारा ही उष्णता घेऊन जातो. बंद खोलीत ती तुमच्याभोवतीच साचते. मग घाम टपकतो पण वाळत नाही, शरीर थंड ठेवण्यासाठी रक्त त्वचेकडे वळतं, आणि वॅट तेवढेच असूनही हृदयाचे ठोके मिनिटागणिक चढत जातात. वीस मिनिटांनी माणूस म्हणतो, आज पायात दम नाही. पाय ठीक असतात, अंग तापलेलं असतं. छताचा पंखा याला पुरत नाही. जमिनीवर ठेवायचा मोठा पंखा समोरून छाती-पोटावर वारा येईल असा लावा. शक्य असेल तर दुसरा बाजूने पाठीवर. खिडकी उघडी. वॉर्म-अप संपेपर्यंत पंखा हळू, मग पूर्ण. ट्रेनरवर खर्च करायला थोडेच पैसे शिल्लक असतील तर ते महागड्या अ‍ॅपवर घालण्याआधी पंख्यावर घाला.

खाली रबरी मॅट, हँडलबारवर टॉवेल. टॉवेल सायकलसाठीच आहे: घामातलं मीठ हँडलबार फ्रेमला जोडणाऱ्या हेडसेट आणि स्टेमच्या बोल्टमध्ये उतरतं, आणि हळूहळू बोल्ट गंजून अडकतात. सराव झाला की सायकल ओल्या फडक्याने, मग कोरड्याने पुसायची.

पायरी ३: आपला आकडा काढा

साधारण तासभर रेटता येईल अशी जास्तीत जास्त ताकद म्हणजे एफटीपी (फंक्शनल थ्रेशोल्ड पॉवर). सगळे सराव याच्या टक्केवारीत मांडले जातात, म्हणून हा आकडा प्रामाणिक हवा. हृदयाचा किंवा रक्तदाबाचा त्रास असेल, किंवा बऱ्याच वर्षांनी व्यायामाला लागत असाल, तर टेस्टआधी डॉक्टरांना विचारा. इथे शेवटपर्यंत जोर लावायचा असतो.

रूढ पद्धत वीस मिनिटांची. पंधरा मिनिटं वॉर्म-अप, त्यात एकेक मिनिटाचे तीन वेगवान टप्पे. मग पाच मिनिटं कडक, दहा मिनिटं अगदी हलकं, आणि त्यानंतर वीस मिनिटं जमेल तेवढ्या जोराने. त्या वीस मिनिटांच्या सरासरीचे ९५ टक्के म्हणजे तुमचा एफटीपी. सरासरी २१० आली तर एफटीपी २०० धरा. पहिली पाच मिनिटं ‘हे जरा सोपंच चाललंय’ असं वाटलं पाहिजे. तसं वाटलं नाही तर तुम्ही वेगाने सुरुवात केलीत आणि चौदाव्या मिनिटाला हिशेब चुकता होणार.

दुसरी पद्धत रॅम्प टेस्ट: दर मिनिटाला ठरावीक वॅट वाढत जातात, पाय थांबेपर्यंत चालवायचं, आणि शेवटच्या सर्वोत्तम मिनिटाचे ७५ टक्के घ्यायचे. ही लवकर आटपते, पण ज्यांची कमी वेळाची ताकद दांडगी असते त्यांचा एफटीपी फुगवून सांगते. लांब चढ हेच दुखणं असेल तर वीस मिनिटांची टेस्टच करा.

टेस्ट घरातल्या सरावासाठी घरातच करायची. बहुतेकांचा घरातला आकडा बाहेरच्यापेक्षा थोडा कमी येतो: उष्णता, जागेवर जखडलेली सायकल आणि वेगळं चाक, सगळ्यांचा थोडाथोडा हात असतो. बाहेर २२० निघाला म्हणून घरात २२० वर सराव ठरवलात तर तिसऱ्या इंटरव्हलला (जोराच्या टप्प्याला) उतरावं लागेल. आणि बाहेर सायकलवर वॅट मोजणारा पॉवर मीटर वापरत असाल तर घरातही त्याचेच आकडे घ्या. दोन यंत्रांचे आकडे सहसा जुळत नाहीत.

वॅट मोजायची सोयच नसेल तर तीस मिनिटं एकट्याने जोरात चालवा आणि शेवटच्या वीस मिनिटांचे सरासरी ठोके टिपून ठेवा. तो तुमचा थ्रेशोल्ड हार्ट रेट, म्हणजे एफटीपीच्या आसपासच्या जोराला पडणारे ठोके. ‘२२० वजा वय’ या सूत्रावर विसंबू नका. एकाच वयाच्या दोन माणसांत पंधरा-वीस ठोक्यांचा फरक सहज असतो.

पुढे लागतील त्या पट्ट्या अशा:

- हलकं: एफटीपीच्या ५५ टक्क्यांखाली.
- झोन २: ५६ ते ७५ टक्के. पूर्ण वाक्यात बोलता येतं.
- टेम्पो: ७६ ते ९०. तुटक बोलता येतं.
- स्वीट स्पॉट: ८८ ते ९४. टेम्पो आणि थ्रेशोल्डच्या सीमेवरची जागा.
- थ्रेशोल्ड: ९१ ते १०५. दोन-तीन शब्दांपलीकडे बोलावंसं वाटत नाही.
- व्हीओटू मॅक्स (शरीर जास्तीत जास्त ऑक्सिजन वापरू शकतं ती पातळी): १०६ ते १२०. बोलण्याचा प्रश्नच नाही.

पायरी ४: दुखण्याप्रमाणे सराव

*लांब चढ.* इथे सलग जोर लावायची सवय लावायची आहे. सुरुवात स्वीट स्पॉटने करा: दहा-दहा मिनिटांचे तीन टप्पे, मधे पाच मिनिटं हलकं. पुढच्या आठवड्यांत तीन वेळा बारा, तीन वेळा पंधरा, दोन वेळा वीस. वॅट वाढवायची घाई करू नका, आधी वेळ वाढवा.

चढाशी जुळवून घ्यायच्या तीन गोष्टी आहेत. पहिली, पुढचं चाक आठ-दहा सेंटीमीटर उंच ठेवा म्हणजे कंबर आणि पाठ चढावर असतात त्या कोनात येतात. दुसरी, गिअर. अर्ग मोड (ट्रेनर स्वतःच ठरलेले वॅट राखतो ती सोय, पायरी ५ पाहा) चालू असताना पुढची, पेडलजवळची लहान चेनरिंग (दातेरी चकती) लावली की ट्रेनरचं फ्लायव्हील, म्हणजे आतलं जड चाक, हळू फिरतं. मग प्रत्येक पेडलला पाय मधेच सुटल्यासारखा होतो आणि तुम्हाला तो पूर्ण वर्तुळात ढकलावा लागतो. चढावर नेमकं असंच लागतं. मोठी चेनरिंग लावली की चाकाला गती असते आणि सपाटीवर चालल्यासारखं वाटतं. वॅट तेच, पायांचं काम वेगळं. तिसरी गोष्ट, उभं राहणं. दर तीन-चार मिनिटांनी तीस सेकंद सॅडलवरून उठा, उठण्याआधी एक गिअर जड करा, आणि वॅट उसळू देऊ नका. ट्रेनरवर सायकल डावी-उजवीकडे झुलत नसल्याने हे अवघडल्यासारखं होतं. फ्रेमवर आडवा जोर टाकू नका, अंगच थोडं हलू द्या.

तीन आठवडे झाले की ओव्हर-अंडर घ्या, म्हणजे एफटीपीच्या जरा खाली आणि जरा वर आलटून पालटून. माझ्या मते चढासाठी याच्याइतका उपयोगी सराव दुसरा नाही. एफटीपी २०० असलेल्या माणसासाठी तो असा दिसतो: पंधरा मिनिटं वॉर्म-अप. मग दोन मिनिटं १९० वॅट, लगेच एक मिनिट २१०, पुन्हा दोन मिनिटं १९०, एक मिनिट २१०, आणि आणखी एकदा. हा नऊ मिनिटांचा एक टप्पा झाला. पाच मिनिटं १०० वॅटवर हलकं, मग दुसरा टप्पा, मग तिसरा. पहिल्या २१० ला काही जाणवत नाही. दुसऱ्यानंतर १९० वर परत आलात की पहिली तीस-चाळीस सेकंदं श्वास जागेवर येत नाही, मांड्यांत जळजळ राहते, हात आपोआप हँडलबार आवळतात. खरा सराव त्याच सेकंदांचा असतो. बोटं सैल सोडा, खांदे खाली, श्वास सोडताना लांब सोडा, आणि १९० धरून ठेवा. रस्त्यावर चढ कुठे एकसारखा असतो? वळणावर तो तिखट होतो, पुढे जरा सैल पडतो. त्या सैल जागी वेग न सोडता सावरता येणं, एवढंच इथे शिकायचं.

*ग्रुपचे झटके.* नॉर्वेतले अभ्यासक बेंट रॉनेस्टाड यांनी लोकप्रिय केलेली रचना घ्या: तीस सेकंद जोरात, पंधरा सेकंद निम्म्या ताकदीवर, असं तेरा वेळा. हा सुमारे साडेनऊ मिनिटांचा संच झाला. तीन मिनिटं हलकं, मग दुसरा संच, मग तिसरा. २०१५ च्या त्यांच्या अभ्यासात पाच-पाच मिनिटांच्या सलग इंटरव्हलपेक्षा या छोट्या तुकड्यांनी सायकलस्वारांत जास्त सुधारणा दिसली. नवख्यांनी एका संचाने सुरुवात करावी आणि तिसाव्या सेकंदाला नव्हे, तर तेराव्या तुकड्याला काय वाटतं त्यावर जोर ठरवावा. पहिले चार तुकडे सोपे वाटले तर बरोबर चाललं आहे. इथे हार्ट रेटचा काही उपयोग नाही, ठोके चढेपर्यंत तीस सेकंद संपलेले असतात. दहापैकी आठ-नऊ इतकं अवघड, हीच मोजपट्टी.

याच दुखण्यावर चार मिनिटांचे चार इंटरव्हल, मधे तीन मिनिटं हलकं, हाही चांगला पर्याय आहे. ‘टाबाटा’ (वीस सेकंद जोर, दहा सेकंद विश्रांती) मात्र सहसा जसा केला जातो तसा नको. इझुमी टाबाटा यांच्या १९९६ च्या अभ्यासात वीस सेकंदांचा जोर व्हीओटू मॅक्सच्या १७० टक्के होता आणि सातव्या-आठव्या तुकड्याला माणसं थकून थांबत. घामाघूम होऊन वीस तुकडे करता येत असतील तर तो टाबाटा नव्हे.

*वारा आणि सपाटी.* टेम्पोचे पंधरा-पंधरा मिनिटांचे दोन-तीन टप्पे, मोठ्या चेनरिंगवर, हात ड्रॉप्सवर. पहिल्या आठवड्यात पंधरापैकी पाच मिनिटंच खाली राहा, पुढे वाढवत न्या. कोपर वाकलेलं, मान लांब, नजर पुढच्या चाकाच्या पलीकडे. मोबाइल किंवा टीव्ही फार वर ठेवला असेल तर मान मोडून निघते, म्हणून पडदा खाली आणा. खाली वाकल्यावर त्याच वॅटला ठोके पाच-सातने वाढत असतील तर अजून सवय झालेली नाही, एवढंच.

*शेवटचा तास.* यावर घरात पूर्ण इलाज नाही. तीन तास ट्रेनरवर बसणं बहुतेकांना झेपत नाही, आणि त्याची गरजही नाही. दीड तास झोन २ मध्ये चालवा आणि शेवटची वीस मिनिटं टेम्पोवर न्या, म्हणजे दमलेल्या पायांना काम करायची सवय लागते. घरात उतार नसतो, सिग्नल नसतो, पाय सारखे चालूच असतात, त्यामुळे हा दीड तास बाहेरच्या दीड तासापेक्षा भारी पडतो. दर दहा मिनिटांनी अर्धा मिनिट उभे राहा, नाहीतर बैठक दुखेल. जांघेत कापड घासू नये म्हणून पॅड असलेली बिब शॉर्ट्स घरातही घालायचीच.

*पायांची फिरत.* वॉर्म-अपमध्ये हलक्या गिअरवर दर तीस सेकंदांनी कॅडेन्स (मिनिटाला पेडलचे फेरे) दहाने वाढवत ८० वरून ११०-१२० पर्यंत जा. सॅडलवर बूड उडायला लागलं की थांबा, पाच फेरे कमी करा, तिथे एक मिनिट राहा. आठवड्यातून दोनदा पाच मिनिटं पुरतात. जड गिअरवर ५० ते ६० कॅडेन्सचा सराव चढासाठी चांगला, पण गुडघ्यांची तक्रार असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका.

पायरी ५: अर्ग मोड कधी बंद करायचा

स्मार्ट ट्रेनरवर अर्ग मोड लावला की कॅडेन्स काहीही असो, ट्रेनर ठरलेले वॅट घेतोच. स्वीट स्पॉट आणि ओव्हर-अंडरसाठी हे सोयीचं. पण यात एक सापळा आहे. दमून कॅडेन्स ८५ वरून ७० वर आला की तेवढेच वॅट घेण्यासाठी ट्रेनर रेझिस्टन्स वाढवतो, पाय आणखी हळू होतात, रेझिस्टन्स आणखी वाढतो, आणि दहा सेकंदांत पेडल जाम. असं व्हायला लागलं तर झगडू नका. पाय थांबवा, रेझिस्टन्स सुटू द्या, हलक्या पायाने पुन्हा ९० वर या.

तीस-पंधरा सारखे छोटे तुकडे, उठून मारायचे झटके आणि एफटीपी टेस्ट यांना अर्ग मोड बंदच हवा. ट्रेनरला बदल पोहोचवायला दोन-तीन सेकंद लागतात, आणि रस्त्यावर वॅट कुणी ठरवून देत नाही: गिअर तुम्हीच टाकायचा असतो, जोरही तुम्हीच मोजायचा असतो. अर्ग मोडवर वर्षभर चालवलेल्या माणसाला बाहेर पहिल्या चढावर जोराचा अंदाज येत नाही, त्याचं कारण हेच. म्हणून दोनपैकी एक कडक सराव कायम स्वतःच्या हाताने गिअर टाकून करा.

पायरी ६: आठवडा कसा बसवायचा

नोकरी-घर सांभाळून चार दिवस निघत असतील तर: मंगळवारी निवडलेल्या दुखण्याचा कडक सराव, तासाभराचा. गुरुवारी दुसरा कडक सराव, नाहीतर तोच जरा सौम्य. एक दिवस ४५ ते ६० मिनिटं झोन २. रविवारी बाहेर. दोन कडक दिवसांच्या मधे किमान एक दिवस सोडायचाच. तिसरा कडक दिवस घुसवायचा मोह होतो, कारण घरात सायकल समोरच उभी असते. त्याने दोन्ही चांगले सराव अर्धवट होतात. तीन आठवडे वाढवत न्या, चौथ्या आठवड्यात वेळ निम्म्यावर आणा, पाचवा-सहावा पुन्हा पूर्ण.

तासाभराच्या सरावाला अर्धा-पाऊण लिटर पाणी लागतं, घाम जास्त असेल तर मीठ-साखर घालून. कडक सरावाच्या दोन-तीन तास आधी जेवलेलं असावं. दीड तासाच्या राइडला तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं घ्या. ही तालीम घरात केलेली बरी. पोटाला काय चालतं ते चढावर शोधण्यात अर्थ नाही.

पायरी ७: रविवारची राइड वाया घालवू नका

वळणावर झुकणं, ब्रेक किती आणि कधी, चालत्या सायकलवर एका हाताने बाटली काढणं, समोरच्या चाकामागे हातभर अंतर धरून राहणं, आडव्या वाऱ्यात सायकल सावरणं: यातलं काहीही ट्रेनर शिकवत नाही. रोलर्सवर तोल आणि सरळ रेषा तेवढी सुधारते. महिना-दोन महिने फक्त घरात चालवून बाहेर पडलात तर पहिली राइड सपाट, कमी रहदारीच्या रस्त्यावर आणि एकट्याने करा. दम वाढलेला असतो, हात मात्र विसरलेले असतात, आणि उतारावर नेमकी हीच जोडी घात करते.

बाहेर गेल्यावर आठवड्यातल्या सरावाचा एक तुकडा रस्त्यावर करून पाहा. मंगळवारी ओव्हर-अंडर केले असतील तर रविवारी एकच चढ त्याच पद्धतीने: तिखट जागी जरा वर, सैल जागी लगेच न सोडता. बाकीची राइड मोकळी. घड्याळाकडे बघू नका, लोकांबरोबर जा, थांबा, गप्पा मारा.

सहा आठवड्यांनी

एफटीपी पुन्हा काढा, पण त्याआधी रस्त्यावर मोजा. ठरलेला एक चढ, तीच सायकल, टायरमध्ये तेवढीच हवा, शक्यतो वारा नसताना. वेळ आणि सरासरी ठोके, दोन्ही टिपा. वेळ कमी आणि ठोके तेवढेच, तर सरळ फायदा. वेळ तेवढीच पण ठोके पाच-सहाने कमी, तरीही फायदाच, तुम्ही जोर पूर्ण लावला नव्हता इतकंच. घरातला आकडा वाढला आणि चढ जागचा हलला नाही, तर आधी वजन, मग दोन्हीकडची सॅडलची उंची आणि मग चढाच्या पहिल्या पाच मिनिटांतला जोर तपासा. बहुतेक वेळा गडबड तिसऱ्यात सापडते. आणि घरातला आकडाही हलला नसेल, रात्री झोप नीट लागत नसेल, सकाळचे ठोके नेहमीपेक्षा वर असतील, तर सराव कमी पडलेला नसून जास्त झाला आहे. आठवडाभर फक्त झोन २ करा आणि मग टेस्टला बसा.